ओठ हलवणारी मुले

आपल्याकडे गाणे म्हटले की डोळ्यांसमोर माणूस येतो तो एकच. मांडी घालून बसलेला, मागे दोन तानपुरे, उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी. बाकीची सारी मंडळी त्याच्यासाठी. मागे बसलेला शिष्य बुवांनी मान वळवली की दोन सूर लावतो आणि पुन्हा गप्प होतो. टीव्हीवरच्या स्पर्धांनी यात इतकाच बदल केला की मांडी गेली, पोशाख चमचमता झाला आणि बुवांच्या जागी नऊ वर्षांचे मूल आले. माणूस मात्र एकच राहिला. आपल्या गावातल्या गणेशोत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा आपण त्या एका गळ्याच्या शोधात असतो. तो सापडला की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

त्या एकट्या माणसाविषयी माझी तक्रार नाही. त्याच्या जिवावर आपण शेकडो रात्री जागलो आहोत. प्रश्न आहे तो उरलेल्या एकोणचाळीस मुलांचा.

वर्गात चाळीस मुले धरा. त्यातली तीन गातात. उरलेल्या सदतीस जणांना आपण काय सांगतो? मला जे सांगितले गेले ते सांगतो. आठवीत असताना पंधरा ऑगस्टच्या समूहगीतात मी मागच्या रांगेत उभा होतो. त्या उन्हाळ्यातच माझा आवाज फुटला होता. तालमीत बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवले, रांगेतून चालत माझ्यापाशी आल्या आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, ‘तू फक्त ओठ हलव हं.’ मी ओठ हलवले. माझ्यासारखे आणखी चौघे होते, आम्ही एकमेकांकडे बघून ओठ हलवत होतो. शाळा चांगली होती, बाई त्याहून चांगल्या होत्या, त्यांना समूहगीत चांगले व्हायला हवे होते. पण त्या दिवसानंतर मी कुणासमोर गायलो नाही. साठी उलटली. मित्रमंडळींत ही गोष्ट काढली की दर वेळी दोन-तीन माणसे तरी म्हणतात, ‘अरे, मलाही असेच सांगितले होते.’ विदर्भात ओठ हलवणाऱ्यांची संख्या मोठी असावी.

आता याच मुलाला घेऊन दुसऱ्या एका दारात जाऊ. युरोपात आणि इतरत्रही ‘चेंबर क्वायर’ नावाचा प्रकार आहे. क्वायर म्हणजे गायकांचा वृंद. चेंबर म्हणजे दिवाणखाना, खोली. खोलीत मावेल एवढा वृंद, वीस-पंचवीस किंवा फार तर तीस-चाळीस माणसे, बऱ्याचदा वाद्याविना. या वृंदाचे चार भाग असतात. बायकांचे उंच आवाज सोप्रानो, खालचे आल्टो. पुरुषांचे उंच आवाज टेनर, खर्जातले बास. प्रत्येक भागाला स्वतःची वेगळी चाल असते. चारही चाली एकाच वेळी चालतात आणि एकमेकींना धरून चालतात. ऐकणाऱ्याला मिळून एक भरदार, खोली असलेला नाद ऐकू येतो. बाईंनी गप्प केलेला घोगरा मुलगा तिथे गेला असता तर त्याला म्हणाले असते, ये, बासमध्ये उभा राहा, आम्हाला माणसे कमीच पडतात.

आपल्या समूहगीतात हे होत नाही, कारण आपण सगळ्यांना एकच चाल देतो. पुरुष काळी एकमध्ये गाणार, बायकांना काळी चार सोयीची. मग पेटीवाले मध्येच कुठेतरी एक पट्टी धरतात, ती दोघांनाही गैरसोयीची. मुली खाली जाऊन पुटपुटतात आणि मुले वर जाऊन ओरडतात. या गोंधळाला आपण ‘एकसुरात गाणे’ म्हणतो. गळ्यांचे वेगळेपण हीच जिथे अडचण आहे, तिथे वेगळ्या गळ्याने ओठच हलवायचे.

चार चाली एका वेळी चालवायच्या म्हणजे कोणीतरी समोर उभे राहून त्या सांभाळायला हव्यात. तो कंडक्टर. एसटीचा नव्हे. मराठीत ‘वृंदसंचालक’ म्हणतात, पण तो शब्द सहकारी साखर कारखान्यातल्यासारखा वाटतो, म्हणून मी कंडक्टरच म्हणतो. व्यासपीठावर शंभर माणसे असली तर नव्व्याण्णव जण आवाज करतात आणि एक जण करत नाही, तो हा. उजव्या हाताने लय दाखवतो, डाव्या हाताने कोणी कधी शिरायचे, कोणी आवाज आवरायचा ते सांगतो. समोरच्या संहितेत वीस-पंचवीस ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात आणि त्या सगळ्या त्याला एकदम वाचाव्या लागतात. समेवर हात आपटून काही साधत नाही. समेच्या आधीची मात्रा त्याने दाखवायची असते, म्हणजे सगळे मिळून श्वास घेतात आणि समेवर एकत्र येतात. मी उभी हयात बँकेत घालवली. शाखाधिकारी स्वतः एक व्हाउचर लिहीत नाही, नोटा मोजत नाही, पण संध्याकाळी रोकड जुळली नाही तर उत्तर त्यालाच द्यावे लागते, एवढ्यापुरते हे काम मला ओळखीचे वाटते. साम्य तिथेच संपते. कंडक्टर लोकांकडे पाठ करून उभा राहतो आणि तरी टाळ्या मिळवतो. ग्राहकांकडे पाठ करून बसणारे मी बरेच पाहिले, टाळ्या कोणालाच मिळाल्या नाहीत.

या कामात जगात नाव काढलेला आपल्या महाराष्ट्रातला माणूस म्हणजे झुबिन मेहता. जन्म मुंबईचा, 29 एप्रिल 1936. (त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 30 एप्रिलला, गांधीजी वर्ध्याहून शेगावला आले. त्या शेगावचे पुढे सेवाग्राम झाले. योगायोगाला अर्थ चिकटवायची कादंबरीकारांना खोड असते. मी फक्त नोंद करून पुढे जातो.) वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुलाला डॉक्टर करायचे घाटत होते, सेंट झेवियर्समध्ये तो अभ्यासही सुरू झाला होता. तो सोडून 1954 साली, अठराव्या वर्षी, हा मुलगा व्हिएन्नाला गेला आणि हान्स स्वारोव्स्की या गुरूंकडे शिकू लागला. 1958 साली लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली. पुढे माँट्रियल, 1962 ते 1978 लॉस एंजेलिस, 1978 ते 1991 न्यूयॉर्क, आणि 2019 साली निवृत्त होईपर्यंत जवळजवळ अर्धे शतक इस्रायल फिलहार्मोनिक. 1966 साली पद्मभूषण, 2001 साली पद्मविभूषण. हे सगळे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सापडते आणि आपली मुले ते पाठही करतात.

मला त्या कारकिर्दीतली एक लहानशी गोष्ट या यादीहून मोठी वाटते. व्हिएन्नात मोठे कंडक्टर तालमी घेत, पण तिथे विद्यार्थ्यांना मज्जाव असे. मैफलीत कंडक्टरचे काम दिसत नाही, ते दिसते तालमीत. तो कुठे थांबवतो, काय दुरुस्त करतो, एकच ओळ सात वेळा का घोटून घेतो. मग मेहता आणि त्यांचा मिलानहून आलेला सहाध्यायी क्लाउदिओ अब्बादो या दोघांनी युक्ती काढली. तिथल्या सिंगफेराइन नावाच्या प्रसिद्ध वृंदात त्यांनी गायक म्हणून नाव घातले. दोघेही बासच्या रांगेत. वृंदातल्या गायकाला तालमीतून कोण हाकलणार? अशा रीतीने ब्रूनो वॉल्टर, कारायान यांच्यासारख्यांचे हात त्यांनी समोरून पाहिले. अब्बादोही पुढे जगातल्या पहिल्या रांगेतले कंडक्टर झाले. दोन जगप्रसिद्ध कंडक्टर घडले ते मागच्या रांगेत, खर्जातल्या आवाजात, इतर शेकड्यात मिसळून गाताना. ती रांग मला चांगली ओळखीची आहे. आमच्या शाळेत तिला ओठ हलवायला सांगितले होते.

‘हे सगळे साहेबाचे, आपल्याकडे कुठले?’ असे कोणी म्हणेल. वर्धा जिल्ह्यात राहून असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी मुक्कामाला पोचते तेव्हा समाजआरती होते. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. कानठळ्या बसतात. तेवढ्यात चोपदार हातातला दंड उंच करतो, ‘होऽऽ’ अशी आरोळी येते आणि सारा तळ क्षणात शांत होतो. कोणत्याही कंडक्टरने हेवा करावा अशी ती शांतता. पण मला त्याहून आवडतो तो पुढचा रिवाज. एखाद्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तर ती गप्प होत नाही, टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, तोड काढतात, मग आरती. दंडाचा मान आहे आणि न जुळणाऱ्या टाळाचाही आहे. शेकडो माणसांकडून एकत्र काम करून घेण्याचे हे शास्त्र आपल्या वारकऱ्यांना कोणी व्हिएन्नाहून येऊन शिकवले नाही.

आणखी जवळ या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. हातात खंजिरी घेऊन त्यांनी हजारोंच्या सभा गाणाऱ्या केल्या. 1936 साली ते सेवाग्रामला गांधीजींजवळ महिनाभर राहिले होते. त्यांनी सामुदायिक प्रार्थनेचा आग्रह धरला आणि तो मंत्र गावोगाव पोचवला. आजही आपल्या खेड्यांतून गुरुदेव सेवा मंडळांची प्रार्थना संध्याकाळी ऐकू येते. त्यात गळा कोणाचा चांगला, हे कोणी विचारत नाही. सेवाग्रामच्या प्रार्थनाभूमीवर उघड्या आभाळाखाली सकाळ-संध्याकाळ सर्वधर्मप्रार्थना होते. तिच्या मागे आश्रम भजनावली आहे, आणि ती सिद्ध करणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य होते. म्हणजे शास्त्रीय संगीताची एक शाखा बैठकीतून उठून थेट समूहाकडे वळली होती. आणि 1937 साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, तिच्यातून झाकीर हुसेन समितीचा बुनियादी शिक्षणाचा अभ्यासक्रम तयार झाला, त्यात सूतकताई आणि गणिताच्या जोडीला संगीत हा विषय होता. ऐच्छिक छंद म्हणून नव्हे, विषय म्हणून. आज आपल्या किती शाळांच्या वेळापत्रकात संगीताचा तास आहे आणि जिथे आहे तिथे त्या तासाला राहिलेले गणित किती वेळा शिकवले जाते, हे ज्याने त्याने आपल्या नातवंडाला विचारावे.

म्हणजे जमीन आपल्याकडे आहे. एकत्र जमणे आहे, इशाऱ्यावर थांबणे आहे, रोजची सवय आहे. नाही ती एकच गोष्ट, वेगवेगळे गाऊन एकत्र राहण्याची. आपले समूहगान सगळ्यांना एका चालीवर आणून थांबते.

इथे जाणकार हात वर करतील आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. आपला राग एकट्या सुराच्या वाटचालीवर उभा आहे. दरबारीच्या आंदोलित गंधाराखाली दुसऱ्या चालीचा ठाम सूर उभा केला तर त्या गंधाराचा जीव जाईल. ख्यालाला कोणी हात लावू नये. पण आपण जे गातो ते सगळे ख्याल नाही. ओव्या आहेत, भजने आहेत, गवळणी, पाळणे, पोवाडे, शाळेतल्या कविता आहेत. गोव्यातला मांडो घ्या. कोकणी शब्द, आपल्याच मातीतली हुरहूर, आणि मुख्य चालीला दुसऱ्या आवाजाची जोड. कानाला ते कुठेही परके लागत नाही. मुंबईत व्हिक्टर परांज्योती यांनी 1956 साली आपला वृंद उभा केला. ते 1967 साली गेल्यावर कुमी वाडिया या बाईंनी पुढे अनेक दशके तो चालवला, अनेक भाषांतली गाणी त्यात बसवली, परदेशांत नेला. बाईने एवढ्या मोठ्या वृंदापुढे उभे राहून हाताच्या इशाऱ्यावर तो चालवावा, ही त्या काळात आपल्या देशात नवलाची गोष्ट होती. सलील चौधरींनी 1958 साली मुंबईत यूथ क्वायर काढला. आणि वसंत देसाईंनी ‘दो आँखें बारह हाथ’ या 1957 सालच्या चित्रपटासाठी बांधलेली प्रार्थना आज देशभरातल्या शाळांत रोज म्हटली जाते, ती एका गळ्यासाठी नाहीच मुळी.

गोव्याचे नाव निघाले आहे तर आणखी थोडे. आपण ज्या काळाला हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ म्हणतो, त्यातल्या व्हायोलिनच्या लाटा आणि मागचे भरघोस नाद बांधणारे पुष्कळ जण गोव्यातले होते. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. गोन्साल्विस हे प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या पात्राला त्यांचेच नाव दिलेले. ही माणसे आकाशातून पडली नव्हती. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून पोरांना सुरांची लिपी वाचायला शिकवत आणि वृंदात उभे करत. घरी खायची भ्रांत असलेल्या मुलालाही ते फुकट मिळे. त्या एका सवयीतून पुढे मुंबईच्या स्टुडिओंना अर्धे शतक पुरतील इतके वादक निघाले.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये 2006 साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. देशातला पहिला पूर्णवेळ व्यावसायिक ऑर्केस्ट्रा. खुश्रू सनटूक यांची जिद्द आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांची साथ. काम मोठे आहे. पण त्यातले बहुतेक वादक कझाकस्तान आणि इतर देशांतले, भारतीय मोजके. आयोजकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी शोधले तेव्हा तयार माणसे इथे नव्हती, आणि म्हणूनच त्यांना मुलांसाठी संगीतशाळा काढावी लागली. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशात वाद्यवृंदाला पुरतील इतके वादक न मिळणे हा बुद्धीचा किंवा गळ्याचा दोष नाही. लहानपणी कोणी आपल्याला शेजाऱ्याचा वेगळा सूर ऐकत आपला सूर धरायला लावले नाही, एवढेच.

वर्ध्यात ऑर्केस्ट्रा उभा करा असे मी म्हणणार नाही. कर्जप्रकरणे तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला वाद्यांच्या किमती डोळ्यांआड करता येत नाहीत. ऐंशी वादक, त्यांचे पगार, वाद्यांची निगा. प्रस्ताव पहिल्याच पानावर नामंजूर होईल. पण चेंबर क्वायरला काय लागते? चोवीस माणसे, एक खोली, एक पेटी तीही सूर देण्यापुरती. आर्वीत, हिंगणघाटला, देवळीत, पुलगावात ही सामग्री आजच्या आज आहे. निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून आणि पोस्टातून निवृत्त झालेले आमच्यासारखे आहेत, भजनी मंडळाच्या बायका आहेत, ज्यांच्या कानाला आयुष्यभराची तयारी आहे. आणि शाळा आहेत.

शाळेत सुरुवात करायला तर कोणी तज्ज्ञही नको. मुलांना येत असलेली एखादी सोपी चाल घ्या. वर्गाचे दोन भाग करा. पहिला भाग गायला लागला की दुसऱ्याने एक ओळ उशिरा सुरू करायचे आणि पहिल्यामागे न धावता आपल्या ओळीला चिकटून राहायचे. पहिल्या दिवशी गोंधळ होईल, मुले हसतील, कानात बोटे घालतील. आठवड्याभरात जमते. दोन्ही भाग जमले की तिसरा भाग करा आणि त्यात फुटलेल्या आवाजाची सगळी मुले घ्या. त्यांना खालचा षड्ज द्या, मध्ये पंचम, पुन्हा षड्ज. एवढेच. तानपुऱ्यासारखे. श्वास आळीपाळीने घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. वरचे दोन्ही भाग या सुरावर उभे राहतात आणि हे त्या पोरांच्या लगेच ध्यानात येते. त्यांच्या उभे राहण्यातच फरक पडतो.

समोर उभे राहायला वर्गातलीच एखादी मुलगी निवडा. हातात फूटपट्टी द्या. कोणाला कधी घ्यायचे, कोणाला कधी आवरायचे ते तिने ठरवायचे आणि तेवढा वेळ स्वतः गायचे नाही. सगळ्यांत गोड गळा असलेली मुलगी निवडलीत तर तिला ते सर्वांत जड जाईल, म्हणून दर आठवड्याला मूल बदला. मागच्या रांगेतल्यांचीही पाळी येऊ द्या.